सहा तासांचं वेळापत्रक

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५. दुपारी ४.१०

गिरणीच्या काट्याजवळ बसून ट्रकच्या मालाची बिल्टी लिहीत होतो. दादाचा मेसेज आला – माझ्या फोनवर. "जहाज काकीनाड्याले येऊन राह्यलं. १८ ले सहा घंटे जमिनीवर उतरू देतात. १० ते ४. येतं का?"

मी तांदळाच्या ४८० कट्ट्यांच्या जागी ४०८ लिहिलं. बिल्टी फाडली, नवीन केली. पाच वर्षांत असं झालं नव्हतं.

आमच्या वारासिवनीच्या गिरणीचा तांदूळ काकीनाड्याच्या बंदरालाच जातो. खेमराजभाऊंचा ट्रक उद्या सकाळी निघणार आहे. मुनीमजींना विचारलं. म्हणाले, जा, पण कट्टे मोजून उतरव आणि पावती घेऊन ये.

तीन वर्षांनी लोकेशदादा दिसणार. आनंद व्हायला पाहिजे. 

तोच दिवस. संध्याकाळी ७.३०, घरी

मायला सांगितलं. ती चुलीसमोरून उठली नाही. भाकर करपली तरी उठली नाही. मग म्हणाली, "आता सांगून टाक त्याले. समोर बसून सांगजो."

बाबा १२ जूनला गेले. पाच महिने झाले. दादाला माहीत नाही!

मायनेच सांगू दिलं नाही. पाण्यावर एकटा हाय तो, रडाले कोनाचा खांदा बी नाही तिथं – हे तिचं म्हणणं. गावात घरोघरी जाऊन तिने हात जोडले, कोणी कळवू नका. आमच्याकडे दूरच्या माणसाला अशी खबर फोनवर देतच नाहीत. कोणीतरी जातं. तेरवीच्या दिवशी अंगणात पंगत बसली होती आणि दादाचा फोन आला. माय गोठ्यात जाऊन बोलली. बाबा वावरात गेले म्हणाली.

नवीन खोटं शोधावं लागलं नाही. बाबा होते तेव्हाही आम्ही हेच सांगत होतो. दादा साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कोणाला न सांगता निघून गेला, जहाजावर रसोईच्या कामाला. मुलगी लांजीची होती. बाबा एकटेच लांजीला गेले, मुलीच्या बापाच्या दारात टोपी काढून उभे राहिले, आणि पाणी न पिता परत आले. त्यानंतर दादाचा फोन आला की बाबा उठून बाहेर जायचे. तीन वर्षं! एक शब्द बोलले नाहीत त्याच्याशी.

मायने पिशवी भरली. काळे तीळ, दर्भ, घरचा तांब्या. खबर उशिरा कळली तरी कळल्यावर मोठ्या मुलाने डोक्यावरचे केस उतरवायचे, डोक्यावरून आंघोळ करायची, तीळपाणी द्यायचं. समुद्र आहे म्हणे, पाण्याची काय कमी.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ५.२०

ट्रक सुटायला वेळ आहे. मायला जे माहीत नाही ते इथे लिहितो.

बाबांचा फोन माझ्याजवळ असतो. धानाच्या नोंदणीचा ओटीपी त्यावर येतो म्हणून चालू ठेवला. १९ जुलैला त्यावर दादाचा मेसेज आला. बाबांना त्याने आयुष्यात लिहिलेला पहिला. "बाबा मी चुकलो. लांजीले तुमाले खाली पाहा लागलं. माफ करा. फक्त हौ म्हना."

दोन दिवस फोनला हात लावला नाही. २१ तारखेला लिहिलं – "हौ."

तिथे थांबायला पाहिजे होतं. पण दादाने लिहिलं, मी रडलो बाबा. मग विचारलं, धानाचा रोवणा झाला का? मी लिहिलं, झाला. मग विचारलं, गुडघा दुखते का अजून? मी लिहिलं, बरा आहे. ऑगस्ट संपेपर्यंत तेरा मेसेज गेले, मग मी थांबलो. बाबांना लिहिता येत नाही हे दादाला माहीत आहे. बाबा सांगतात आणि रजत, म्हणजे मी, टाइप करतो, असं तो समजतो. सातव्या मेसेजात मी लिहिलं, "तुझा राग नाही आता."

बाबा गेले १२ जूनला. माफी २१ जुलैची. दादाने तारीख विचारली की सगळं उघडं पडेल. बाबांनी माफ केलंच नाही, ते करू शकतच नव्हते, हे त्याला कळेल.

तारीख बदलून सांगता येईल. सप्टेंबरची एखादी. पण मग दादा जन्मभर भलत्याच दिवशी श्राद्धाचं पान वाढेल.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी १.३०, जगदलपूरच्या पुढे, ढाब्यावर

खेमराजभाऊंना सगळं सांगून बसलो. दोन दिवस एकाच केबिनमध्ये असलं की लपत नाही. मी चार वेळा बाबांचा फोन काढून पाहिला, पाचव्यांदा ते म्हणाले, "कोन्या पोरीचा हाय का बे?"

ऐकून घेतलं. ढाब्यावर गाडी लावली, जेवण सांगितलं. मग म्हणाले, सप्टेंबर सांग. तुझा भाऊ काय दाखला मागून राह्यला? त्याले माफी भेटली, तो खुश हाय, तू काहून त्याच्या ताटातली भाकर उचलतं?

मी म्हणालो, पण ती भाकर बाबांनी दिलेली नाही.

"भूक लागल्यावर कोनी पाहते का कोनं देल्ली ते?" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटातली भाजी स्वतःकडे ओढली. मी खात नव्हतोच.

आत्ता दादाची यादी आली. जमिनीवर उतरल्यावर काय काय करायचं त्याची. जशी आली तशी उतरवतो, मात्रा मी नीट केल्या:

केस कापणे. चष्म्याची दांडी बसवणे. चप्पल. जहाजावरच्या लोकांसाठी दोन किलो काजा – तिथली मिठाई आहे, पाकाने भरलेली. खाली मांडी घालून भात, वरण आणि एखादी हिरवी भाजी. झाडाखाली अर्धा घंटा झोपणे. एखादी म्हैस पाहणे. (पुढे हसणारं तोंड.)

आणि शेवटी: "बाबाले व्हिडिओ कॉल. तुझ्यासमोर. जमिनीवर नेटवर्क चांगलं असते. आता तं ते बोलतीन."

तोच दिवस. संध्याकाळी ५.५०

वेळापत्रक करून पाहिलं. सहा तास म्हणजे ३६० मिनिटं.

जेवणाआधी सांगितलं तर तो जेवणार नाही. जहाजावर तीन वर्षं डब्यातलं खातो आहे. जेवणानंतर सांगितलं तर मला कसं गिळेल, समोर बसून? आणि आंघोळीआधी जेवलेलं चालतं का ते मायला विचारायचं राहिलं.

केस कापल्यावर सांगितलं तर पुन्हा न्हाव्याकडे न्यावं लागेल. म्हणजे केसांच्या आधी. केस यादीत पहिले आहेत. म्हणजे भेटल्या भेटल्या!

निघताना सांगितलं तर? ३.४० ला. पाच तास चाळीस मिनिटं सुखाची होतील. पण मग तो रडत बोटीत बसेल, एकटा. माय ज्याला भीत होती तेच.

चार वेळा खोडलं. पानाला भोक पडलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

घाट उतरलो. तिळाची पुडी ओली झाली नाही ना ते तीनदा पाहिलं. खेमराजभाऊ म्हणतात, तीळ पळून नाही जात, तूच पळशील.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी १०.५५, रिक्षात

चुकीच्या जागी उभा होतो! साडेआठपासून मोठ्या बंदराच्या फाटकासमोर. तिथे जहाजं काठाला लागलेली दिसत होती. वैनगंगेवर डोंगा काठाला लागतो तसं दादाचं जहाजही लागेल, मी शिडीखाली उभा राहीन, असं धरून चाललो. आतला पहारेकरी हसला. तुमचं जहाज काठाला येतच नाही म्हणाला. ते समुद्रातच उभं राहतं, तांदूळ लहान बोटींतून तिकडे जातो, माणसं लाँचने इकडे येतात. तो धक्का वेगळा, शहराच्या दुसऱ्या बाजूला.

पाच वर्षं मी बिल्टीवर काकीनाडा लिहितो. हे माहीत नव्हतं.

५५ मिनिटं गेली. दादा तिथे एकटा उभा असेल.

तोच दिवस. संध्याकाळी ६.१५, ट्रकच्या रांगेत

क्रमाने लिहितो. नाहीतर लिहिलं जाणार नाही.

११.२० ला धक्क्यावर पोचलो. दादा एका बंद टपरीच्या सावलीत बसला होता. काळा झाला आहे, गाल बसले आहेत. एका दांडीचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. मला पाहून उठला आणि पाय फाकवून चालत आला. म्हणाला जमीन हालून राह्यली. मग माझ्या गालाला हात लावला – "दाढी आली बे तुले!"

मी उशीर कसा झाला ते सांगायला लागलो. तो हसत सुटला. बाजूच्या दोघा खलाशांना हिंदीत सांगितलं, माझा भाऊ एवढा हुशार की जहाज घ्यायला रिक्षा घेऊन गेला. ते पण हसले. मी पण हसलो. त्या क्षणी मी ठरवलं – सप्टेंबर.

यादीत पहिलं, केस. रस्त्याच्या कडेला एक न्हावी होता, तेलुगू बोलणारा, थोडी हिंदी. दादा खुर्चीत बसला. न्हाव्याने गळ्याभोवती कापड बांधलं. दादा आरशातून माझ्याशी बोलत होता. म्हणाला, बाबाले वाढलेले केस दिसले का पहिले तेच बोलतीन, बाकी काही आयकनार नाहीत. "कापू दे, मंग लाव फोन. मंडईत तं नाही गेले ना आज?"

न्हाव्याने कंगवा घातला. कात्री उचलली.

मी म्हणालो, थांबा.

दोघांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला दादाच्या तोंडाकडे सरळ पाहणं जमलं नाही. आरशातच बोललो. "दादा, बाबा गेले."

 मला वाटलं त्याने ऐकलं नाही. कापडाखाली त्याचे हात हलले फक्त. मग म्हणाला, "कवा?"

सप्टेंबर माझ्या तोंडात होता. खरंच होता. पण माझ्या हातात मायची पिशवी होती आणि तिच्यात तांब्या होता, आणि ती पिशवी धरून मला दुसरी तारीख सांगता आली नाही.

"बारा जून. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. वावरात जायले निघाले अन् दारातच बसले."

न्हाव्याला भाषा कळत नव्हती. तरी त्याची कात्री खाली आली. दादाने कापडातून एक हात बाहेर काढला, डोक्यावरून मागेपर्यंत फिरवला आणि त्याला म्हणाला, "पूरा निकालो."

न्हाव्याने कात्री ठेवली. वस्तरा घेतला, नवीन पातं लावलं. पैसे घेतले नाहीत.

तिथून समुद्र जवळच होता. दादा कपड्यांसकट आत गेला, गुडघ्यापर्यंत, आणि बसला. लाट डोक्यावरून गेली. मी तांब्या दिला, तळहातावर तीळ दिले. दक्षिण कोणती ते मी सकाळीच विचारून ठेवलं होतं. त्याने तीनदा पाणी सोडलं. मला म्हणता येईल तेवढं मी म्हणालो, नाव आणि गाव. बाकी मंत्र येत नाही.

मग वाळूवर बसलो. तो ओला. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता. मला माहीत होतं काय मोजतो आहे.

"हौ कोनं लिवलं?"

"मी."

"राग नाही म्हनून लिवलं ते?"

"ते बी मीच."

"गुडघा बरा हाय ते?"

मी मान हलवली. मला वाटलं आता मारेल. मारायला पाहिजे होतं. तो समुद्राकडे पाहत राहिला. एक बाई दोरीने म्हैस घेऊन चालली होती, काठाकाठाने. आम्ही दोघांनी ती पाहिली. 

मग त्याने विचारलं, अगदी हळू, "मरता मरता तरी त्यायनं नाव घेतलं का माझं?"

इथे खोटं बोललं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? कोण साक्षीदार होता? माय आणि मी. तो अशा आवाजात विचारत होता की दगडानेही होकार दिला असता.

मी म्हणालो, "नाही."

दादा उठला. वाळू झटकली. म्हणाला, "चष्मा राह्यला."

त्यानंतर आम्ही यादी पूर्ण केली. चष्म्याची दांडी बसवली. चप्पल घेतली, नऊ नंबर. काजा दोन किलो, दोन वेगळ्या डब्यांत. तो दुकानदाराशी बोलत होता, माझ्याशी नाही. खानावळीत भात, वरण आणि पालक आला. मांडी घालून बसला, ताटाला हात लावून नमस्कार केला आणि उठला. मी पण उठलो.

३.३५ ला धक्क्यावर त्याने पाठीवरच्या पिशवीतून एक पुडकं काढलं. गुडघ्याला बांधायचा पट्टा, कोणत्या तरी परदेशी बंदरावरून बाबांसाठी घेतलेला. थोडा वेळ हातात धरला. "मायले दे," म्हणाला. हे एवढंच.

लाँच सुटली. तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. उन्हात काळा झालेला माणूस आणि वर पांढरं डोकं. बराच वेळ दिसत होतं.

खरं बोललो मी. त्याचं काय चांगलं झालं ते मला दिसत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कट्टे उतरले. ४८०. पावती घेतली.  परतीच्या वाटेवर खेमराजभाऊंनी एका ठिकाणी गाडी थांबवून माझ्यासाठी पालक सांगितला. खानावळीत न जेवता उठलो ते सुद्धा मी त्यांना सांगून बसलो होतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर. दुपारी ३.००, ट्रकमध्ये

आत्ता आठवलं! पंधरा मिनिटांपूर्वी, रिकामा ट्रक उसळत होता तेव्हा. वाळूवर का आठवलं नाही?

दादाचा फोन आला की बाबा उठून बाहेर जायचे हे खरं. पण लांब जात नव्हते. दाराबाहेरच्या पायरीवर बसायचे. तिथून मायचं बोलणं ऐकू येतं. माय कानाने अधू आहे, फोन नेहमी मोठ्या आवाजात लावते. दादाचंही ऐकू येतं. थंडीतसुद्धा तिथेच बसायचे, अंगावर काही न घेता. फोन संपला की आत येऊन विचारायचे, पानी तापलं का? दुसरं काही नाही.

नाव घेतलं नाही. पण एकाही वेळी पायरीच्या पुढे गेले नाहीत.

तोच दिवस. दुपारी ३.४०

हे सगळं दादाला लिहून पाठवलं. माझ्या फोनवरून, माझ्या नावाने. जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं. बाबांच्या मनात काय होतं ते लिहिलं नाही, मला माहीत नाही. शेवटी लिहिलं, मी चुकलो दादा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. रात्री ८, घरी

मायने दारातच विचारलं, रडला का? मी म्हणालो, समुद्रात बसला होता, पाणी अंगावरून जात होतं, कळलं नाही. ती म्हणाली, रडला असन मंग. पट्टा घेतला आणि उशीखाली ठेवला.

मेसेजबद्दल तिला सांगितलं नाही. धीर झाला नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

एकच टिक. जहाज निघून गेलं असेल.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

एकच टिक.

बुधवार, २६ नोव्हेंबर. सकाळी ६.०५

माझ्या फोनवर काही नाही. बाबांच्या फोनवर मेसेज आला आहे.

"बाबा, लहान्या लिवतानी खोटं लिवते पन तोंडानं खोटं बोलता येत नाही त्याले. त्याले रागावू नका. पायरीवर बसत होते हे तुमी मले एकडाव सांगितलं असतं तं बरं झालं असतं. मी जेवून राह्यलो. लोकेश."

उत्तर दिलं नाही. माय कणीक मळत होती तिथे फोन घेऊन गेलो आणि सगळं पहिल्यापासून वाचायला बसलो. दादाची माफी वाचली. मग "हौ" वाचलं.

माय म्हणाली, "हे तुह्यं हाय. ते हौ नव्हते म्हनत कधी. मान हालवत."

मी थांबलो.

तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं, पाट ओढून जवळ बसली.

"वाच पुढं."